सबीना क्विल्टीची लायकी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात पुरुषांच्या शर्टाच्या सुट्या कॉलरी बनत, आणि त्या कॉलरींवर चकाकी आणण्यात सबीना क्विल्टीचा हात धरणारं कुणी नव्हतं. न्यूयॉर्कच्या पेढ्यांवरचे साहेब गळ्याभोवती जे करकरीत पांढरं कडं मिरवत, त्यातली कितीतरी तिच्या इस्त्रीखालून गेलेली असत. तिला हे पक्कं ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला ती सांगत असे.

बाई उंच, हाडापेरानं मजबूत आणि तोंडानं फटकळ. टेकडीखालच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर, ऊना आणि रोझीन या दोन मुलींना घेऊन राहायची. गल्लीत ती विधवा म्हणून ओळखली जाई. तिचा नवरा मार्टिन कोलोरॅडोच्या चांदीच्या खाणीत नशीब काढायला म्हणून गेला तो गेलाच, आणि तिकडे धडधाकट जिवंत आहे, हेही गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पण टाकलेली बायको म्हणवून घेण्यापेक्षा विधवा म्हणवून घेणं तिला बरं वाटे, आणि गल्लीही तेवढा मान राखी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्याच्या मुठी उघडायला मात्र सबीनाला फार आवडे. कुणी काम मिळत नाही म्हणून रडायला लागलं, की ती कमरेवर हात ठेवून विचारी, "काम मिळत नाही की काम नको आहे?" चर्चच्या मदतपेटीतून पाव नेणाऱ्या बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणे, "आम्हाला नाही बाई कुणी वर ओढलं. आमचे हात शाबूत आहेत."

ही भाषा सगळी तिची नव्हती. थोडी तिची, थोडी मालकाची. कॉलर-कारखान्याचे मालक मिस्टर सॅकेट दरवर्षी नाताळच्या आधी बायांना खोकी भरायच्या खोलीत जमवत, चहा आणि केक देत आणि भाषण करत. त्या काळी शिकलेल्या लोकांत एक नवं शास्त्र निघालं होतं, आणि सॅकेटसाहेबांना ते फारच पटलं होतं. ते म्हणत, जंगलात खुरट्या झाडाला कुणी टेकू देतं का? मजबूत झाड वर जातं, ऊन घेतं. दुबळं सावलीत वाळून जातं, आणि त्यातच जंगलाचं भलं असतं. माणसांचंही तसंच. गरिबाला फुकट पाव देणं म्हणजे बागेत तण राखणं.

आता गंमत बघा. त्या खोलीत शेदोनशे बाया केक खात हे ऐकत असत, आणि त्यातल्या एकीलाही आपण खुरटं झाड आहोत असं वाटत नसे. खुरटं झाड नेहमी शेजारच्या घरात असतं.

फक्त डीलिया मॅकनर्नी हसायची. डीलिया सबीनाच्या समोरच्या खोलीत राहायची, मध्ये एक जिना. दोघी आयर्लंडच्या एकाच परगण्यातल्या. कारखान्यात डीलिया खळ लावी आणि सबीना इस्त्री करी. एका नाताळला भाषण संपल्यावर परतीच्या वाटेवर डीलिया सगळ्या बायांसमोर म्हणाली, "काय गं सबीना, साहेबांचा थोरला पोरगा अकरा वाजता उठतो म्हणे. तो कुठलं झाड गं? बांडगूळ ना?"

बाया खो खो हसल्या. सबीनाचे कान लाल झाले. "बापानं कमावलंय, पोरगा खाईल. तुझ्या पोटात का दुखतं?"

"दुखत नाही बाई. मी आपली विचारते. तूच शास्त्र शिकून आलीस ना? म्हटलं, तुला ठाऊक असेल."

हे सबीनाच्या मनात रुतून बसलं.

त्यानंतर महिनाभरात डीलियाचा नवरा ओवेन लोखंडाच्या कारखान्यात साखळी तुटून गेला. कारखान्यानं फुलांचं चक्र पाठवलं. बाकी सगळं डीलियानं केलं, आणि रीतीप्रमाणे केलं. दोन रात्री प्रेत घरात ठेवलं, उशापायथ्याला मेणबत्त्या, येणाऱ्याला मातीची चिलीम आणि तंबाखू, पुरुषांना व्हिस्की. दफनाला चार घोडागाड्या, घोड्यांच्या डोक्यावर काळ्या पिसांचे तुरे. परक्याला हा थाट वाटेल. पण या लोकांच्या आईबापांनी दुष्काळ पाहिला होता. तिकडे गावाला एकच शवपेटी असे, तिच्या तळाला झडप; खड्ड्यावर नेली, झडप उघडली, माणूस खाली आणि पेटी पुढच्यासाठी परत. तेव्हापासून इकडे येऊन अर्धपोटी राहणारा माणूससुद्धा दर आठवड्याला दफनविम्याचा हप्ता चुकवत नसे. घरात पाव नसला तरी चालेल, पण स्वतःच्या पेटीत जायचं. ओवेनच्या विम्याचा सगळा पैसा ओवेनबरोबरच गेला, आणि त्याबद्दल गल्लीत डीलियाला कुणी नावं ठेवली नाहीत.

मग डीलियाला छातीचं दुखणं लागलं. खळीच्या वाफेत उभं राहवेना. तिचा मुलगा डॅनी तेव्हा सात वर्षांचा. तिनं गावच्या दान-मंडळाकडे कोळसा आणि धान्य मागितलं. या मंडळाचा नियम असा, की आंधळेपणानं द्यायचं नाही. आधी पारखायचं. मागणारा लायक गरीब की नालायक गरीब, हे ठरवायला मंडळाच्या बाया घरोघर येत. घर बघत, माणूस बघत, आणि मग हटकून शेजारी विचारत.

त्या गल्लीला मिस ट्विचेल येत असत. वाईट बाई नव्हत्या. पगार न घेता बर्फातून चालत टेकडी उतरायच्या, बूट भिजवायच्या, आजारी पोरांच्या कपाळावर हात ठेवायच्या. फुकट दिलेल्या पावानं माणसाचा कणा मोडतो असं त्यांना मनापासून वाटे, आणि माणसाचा कणा मोडू नये म्हणून त्या फार जपत.

त्या सबीनाच्या दारात उभ्या राहिल्या. "मिसेस क्विल्टी, तुमच्या शेजारणीबद्दल विचारायचं होतं. कशा आहेत मिसेस मॅकनर्नी? नेटक्या आहेत?"

"नेटकी?" सबीना म्हणाली. "अहो बाईसाहेब, नवऱ्याला कसा पोचवला ते अख्ख्या गल्लीला विचारा. चार गाड्या होत्या! तुरेवाले घोडे. गावखर्चानं गाडला म्हणायची कुणाची टाप नव्हती."

"चार?" मिस ट्विचेल हळूच म्हणाल्या.

"चार. आणि व्हिस्की, ती तर विचारूच नका."

हे सबीनानं कौतुकानं सांगितलं, असं म्हणता येईल. तिच्या लोकांत चार गाड्या म्हणजे अब्रूचा दाखलाच. शेजारणीची अब्रू सांगायची तर दुसरं काय सांगणार? पण बाईसाहेबांचा चेहरा 'चार' ऐकून बदलला, हे तिनं पाहिलं होतं, आणि तरी व्हिस्की तिनं पुढे जोडली. तेव्हा मनात बांडगुळाची ती थट्टा होती की नव्हती, हे तिचं तिलाही कधी नीट सांगता आलं नाही.

मंडळानं डीलियाला उधळी ठरवलं. कोळसा मिळाला नाही. ती बरी होईपर्यंत डॅनीला अनाथाश्रमात ठेवायचं ठरलं. वसंतात ती उठून त्याला आणायला गेली, तर पोरगं तिथं नव्हतंच. आश्रमवाल्यांनी त्याला इतर मुलांबरोबर आगगाडीनं पश्चिमेकडे धाडलं होतं, कुठल्याशा शेतकऱ्याच्या घरी. चांगलं घर आहे, मोकळी हवा आहे, आईनं आता त्याच्या भल्याच्या आड येऊ नये, असं तिला समजावण्यात आलं. गावाचं नावसुद्धा सांगितलं नाही.

डीलिया पुन्हा खळीवर उभी राहिली. सबीनाशी ती बोलायची, नळावर, जिन्यात, लागेल तेवढं. हसायची मात्र बंद झाली. सबीनानं एकदा धीर द्यायचा म्हणून म्हटलं, "शेतावर दूधदुभतं असेल गं. पोरगं चांगलं दांडगं होईल." डीलियानं बादली उचलली आणि वर निघून गेली. सबीना स्वतःशी म्हणाली, मी काय खोटं सांगितलं? गाड्या चारच होत्या. असं ती पुष्कळ दिवस म्हणत राहिली. खऱ्या गोष्टीला इतक्या वेळा खरी म्हणावं लागत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मग काही वर्षांनी अठराशे त्र्याण्णव साल आलं. बँका बुडाल्या, गिरण्यांना कुलपं लागली, कॉलरीचा कारखाना आठवड्यातून तीन दिवस चालू लागला. साहेबलोक काल घातलेली कॉलर आज उलटून घालू लागले असावेत. त्याच शरदात सबीनाच्या हातावर तापलेली इस्त्री उलटली. उजवा हात मनगटापासून पार कोपरापर्यंत भाजला. डॉक्टर म्हणाला, हात जाणार नाही, पण उन्हाळ्यापर्यंत इस्त्रीचं नाव काढू नको.

मुकादमानं तिची जागा दुसरीला दिली. उंच झाड असं पटकन आडवं होतं.

पहिले काही आठवडे ती घरातल्या वस्तू विकत राहिली आणि मुलींना सांगत राहिली की जुन्या झाल्या होत्या. ऊना नऊ वर्षांची, तिला सगळं कळायचं. मग सबीना चर्चमध्ये फादर हेनलींकडे गेली. मदतपेटी रिकामी होती; निम्मं गाव तिच्या आधी येऊन गेलं होतं. फादर म्हणाले, "सबीना, अभिमान गिळ आणि मंडळाकडे जा. नाहीतर हिवाळा तुझ्या पोरींना खाईल." डिसेंबरात रोझीन खोकू लागली, तेव्हा ती गेली.

दोन दिवसांनी मिस ट्विचेल आल्या. सबीनानं एका हातानं जमीन घासून ठेवली होती, आणि मुलींच्या वेण्या डाव्या हातानं घालताना तिघी रडल्या होत्या. बाईसाहेबांनी हाताची पट्टी पाहिली, रोझीनच्या कपाळाला हात लावला आणि रिकाम्या शेगडीकडे नजर टाकली.

"मिस्टर क्विल्टी कधी वारले?" त्यांनी प्रेमानं विचारलं.

टाकलेल्या बायकांना मंडळ मदत करत नसे. कारण असं, की बायकोला कोळसा मिळतो हे कळलं तर उद्या शंभर नवरे घर सोडून जातील.

"झाली आता पाच-सहा वर्षं," ती म्हणाली.

"कशानं?"

"खाणीत. कोलोरॅडोला."

"फार वाईट झालं." बाईसाहेब उठल्या. "मला वाटतं, आपलं काम होईल. तुमच्याबद्दल मला नेहमीच आदर होता मिसेस क्विल्टी. तुम्ही कष्टाळू आहात. आता फक्त शेजारी एक शब्द विचारते. नियमच आहे तसा."

"शेजारी?" सबीना म्हणाली. "त्या... त्यांचं काम चाललेलं असेल बाईसाहेब. खाली मिसेस डॉयलना विचारा ना."

"समोरच्याच बऱ्या. त्यांना जास्त माहिती असणार."

त्यांनी दार ओढून घेतलं, पण त्या घराची दारं नीट लागतच नसत. सबीना दाराला चिकटून उभी राहिली. समोरचं दार उघडलं. त्या दारात आता तिचा कोळसा होता, तिच्या पोरी होत्या. आश्रमात जागा आहेत, हे फादरनी तिला सांगितलं होतं, आणि आश्रमापुढे आगगाडी होती.

"मिसेस मॅकनर्नी, तुम्ही मला ओळखत असाल."

"ओळखते."

"तुमच्या शेजारणीबद्दल विचारायचं आहे. दारू वगैरे?"

डीलिया बोलली नाही.

"घरी कुणी येतं-जातं का? पैसा कुठे उधळतात का?"

सबीनानं कान दाराच्या फटीला लावला.

"त्यांचा नवरा खाणीत वारला म्हणतात. खरं आहे का ते?"

सबीनानं डोळे मिटले. एक शब्द पुरे होता. 'नाही' म्हटलं की झालं. आणि 'हो' म्हटलं तरी काम झालं.

"मला काही विचारू नका," डीलिया म्हणाली.

"मी समजले नाही."

"मी सांगणार नाही. वाईटही नाही आणि चांगलंही नाही. शेगडी थंड आहे, पोर खोकतंय, हे बघून आलात ना? मग आणखी काय बघायचं राहिलं?"

"मिसेस मॅकनर्नी, चार चांगले शब्द बोलायला काय हरकत आहे? त्यांच्या फायद्याचंच होईल. तुम्ही गप्प राहिलात तर मंडळ त्याचा अर्थ लावणारच ना?"

"लावा."

दार बंद झालं. मिस ट्विचेल परत आल्या, त्यांचा चेहरा खरोखर दुःखी होता. म्हणाल्या, शेजारीण काही बोलायला तयार नाही, याचा अर्थ काहीतरी पाणी मुरतंय. मंडळाचा पैसा लोकांचा आहे. कोळसा देता येणार नाही. पण मुलींची सोय आश्रमात होऊ शकते, हात बरा होईपर्यंत.

"हात बरा होईपर्यंत," सबीना म्हणाली. हे शब्द तिनं आधी ऐकले होते, जिन्यापलीकडच्या दारात. "नको बाईसाहेब."

"नीट विचार करा. भावनेच्या भरात—"

"नको म्हटलं ना! जा तुम्ही."

त्या गेल्या. त्यांची पावलं तळमजल्यापर्यंत पोचली न पोचली, तोच सबीना ताडताड जिना ओलांडून गेली आणि डाव्या हातानं डीलियाचं दार ढकललं.

"एक शब्द!" ती ओरडली. "एक 'हो' म्हणायला तुझं काय झिजत होतं? खोटंसुद्धा नको होतं. 'बाई बरी आहे' एवढंच! सूड उगवायचा होता तर सरळ उगवायचा. मार्टिन जिवंत आहे म्हणून सांगायचं, मोकळी झाली असतीस!"

डीलिया शेगडीपाशी बसून बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"मनात आलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही आलं होतं. सांगून टाकावं असंही आलं, आणि तुझी तारीफ करावी असंही. तारीफ तर जिभेवर आली होती. ऊनाची वेणी बघितली ना मी सकाळी, कशीबशी घातलेली."

"मग?"

"मग काय? तू लायक आहेस असं मी त्या बाईला सांगितलं असतं, तर माझा डॅनी लायक नव्हता म्हणून गेला, असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं." तिनं बटाटा पाण्यात टाकला. "ते नाही जमलं. सूड नव्हता तो. तुझ्या पोरी थंडीनं मरोत असंही वाटलं नाही. पण ते काही माझ्या तोंडून निघेना."

सबीना भांडायला आली होती, आणि तिच्या हातातलं भांडणच कुणी काढून घेतलं होतं.

"पोरींना आण इकडे," डीलिया म्हणाली. "दोन शेगड्या कशाला? आठवड्यातले तीन दिवस मला काम आहे. एक शेगडी जळेल तेवढ्यात. तू स्वयंपाक बघ एका हातानं, जमेल तसा. तुझी खोली सोडून दे, भाडं वाचेल."

"डीलिया..."

"उपकार नाही. मी तुला माफबिफ केलेलं नाही, तो गैरसमज नको. जा, रोझीन खोकतेय."

संध्याकाळपर्यंत सबीनानं जे उरलं होतं ते जिन्यापलीकडे आणलं. डीलियानं मागच्या भिंतीकडचा पडदा बाजूला केला. तिथं एक छोटी खाट होती, वर धुतलेलं ब्लँकेट, उशीला ताजा अभ्रा. इतकी वर्षं समोर राहून सबीनाला ठाऊक नव्हतं की ही खाट अजून आहे. ऊना थबकली.

"ही कुणाची, मावशी?"

"डॅनीची. एका बाजूनं खचलीय जरा. तू त्या बाजूला नीज, रोझीनला भिंतीकडे घे."

मुली दोघी त्या खाटेत शिरल्या. रोझीनचा खोकला उबेनं हळूहळू बसला. सबीना कितीतरी वेळ खाटेच्या कडेला उभी होती. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंडावर सुनावलेली बाई. पण हे एक वाक्य बोलायला तिला जन्माचं बळ गोळा करावं लागलं.

"चार गाड्या मी सांगितल्या होत्या. त्या बाईला. व्हिस्कीचंही मीच सांगितलं."

"ठाऊक आहे," डीलिया म्हणाली. "या घराची दारं लागतात का कधी? तू आज ऐकलंस, तसं मीही तेव्हा ऐकलं होतं. तापात पडले होते, तरी ऐकलं."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस! शिव्या घालायच्यास!"

"बोलले असते, तर तुझ्याशी कायमचं बोलणं तोडावं लागलं असतं," डीलिया म्हणाली. "आणि मग या गल्लीत डॅनीला लहानपणी पाहिलेलं, त्याच्याबद्दल बोलता येईल असं माझं कोण उरलं असतं गं?"

सबीनाला हुंदका आवरला नाही. डीलियानं तिला रडू दिलं, जवळ मात्र घेतलं नाही. बऱ्याच वेळानं, बटाटे शिजत आले तेव्हा, सबीनानं नाक पुसलं आणि विचारलं, "त्याला पहिला दात कधी आला होता गं? ओवेननं आम्हाला सगळ्यांना खालून हाका मारून बोलावलं होतं, तेव्हाच ना?"

"तेव्हाच," डीलिया म्हणाली, आणि सांगू लागली.